गोळी देऊन वाट बघायची की पळायचं? (तीव्र अ‍ॅलर्जीबद्दल)

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी नवऱ्याच्या बाबतीत जे झालं ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. दुपारी जेवणात कोळंबी होती, सोबत ब्रेड. कोळंबी तो लहानपणापासून खातो. जेवून अर्ध्या-पाऊण तासाने आम्ही नेहमीसारखे पाय मोकळे करायला निघालो. दहा मिनिटं चाललो असू, तर म्हणाला तळहात खाजतायत. मग कान लालबुंद. घरी येईपर्यंत मानेवर, पोटावर गांधी. मला वाटलं पित्त उठलं. घरात अ‍ॅलर्जीची गोळी होती ती दिली आणि म्हटलं पड जरा. वीसेक मिनिटांनी पोटात कळ येऊन उलटी झाली. मी मनात म्हटलं, चला, निघालं बाहेर, आता उतार पडेल. तो म्हणाला, "काहीतरी भयंकर होणार आहे असं वाटतंय." मी हसले. खरंच हसले. मग तो बाथरूमला जायला उठला आणि दारातच कोसळला.

हॉस्पिटलात पोचल्या पोचल्या मांडीत इंजेक्शन, पाय उंच, ऑक्सिजन, सलाईन. पाच-सात मिनिटांत माणूस बोलायला लागला. डॉक्टर म्हणाले अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र अ‍ॅलर्जी. रात्रभर ठेवून घेतलं, सकाळी सोडलं.

आता माझा प्रश्न. अंगावर पित्त तर अर्ध्या जगाच्या उठतं. गोळी घेतात, झोपतात, उठतात. मग गोळी देऊन वाट कधी बघायची आणि कधी बघायची नाही, हे घरातल्या साध्या माणसाने ओळखायचं कसं? आणि दुसरं, चाळीस वर्षं खाल्लेली गोष्ट एका दुपारी अशी कशी उलटते?

कोरा_कागद

बापरे. वाचूनच घाम फुटला. ते आता कसे आहेत?

चौथा_बाक

ताई, शेलफिश. मोठेपणी सुरू होणाऱ्या अ‍ॅलर्जीत ते नेहमीचंच. मला पस्तिशीत झाली, ओठ सुजले, तेव्हापासून कोळंबी-खेकडा बंद. तुम्हीही बंद करा, विषय संपला.

रात्रपाळी

मी इमर्जन्सीत नर्स आहे, अठरा वर्षं झाली. जरा सविस्तर लिहिते.

तुमचा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं, आणि दर वेळी आधी घडून गेल्यावर. आम्ही काय बघतो ते सांगते. नुसती कातडी, म्हणजे खाज, गांधी, थोडी सूज, तर गोळी द्या आणि माणसावर नजर ठेवा. पण कातडीच्या जोडीला आणखी काही सुरू झालं, की गोळीचं काम संपलं. आवाज घोगरा होणं, घसा आवळणं, जीभ जड होणं, छातीत सूं सूं वाजणं, श्वास घेताना ओढ लागणं. किंवा डोळ्यांपुढे अंधारी, घाम, गार पडणं, गळून जाणं. किंवा पोटात जोराच्या कळा आणि उलट्यांवर उलट्या. यातलं काहीही आलं की ती अ‍ॅनाफिलॅक्सिस धरून चालायचं आणि अ‍ॅड्रेनलिन (मांडीत देतात ते इंजेक्शन) मिळेल तिकडे निघायचं. जवळ अ‍ॅड्रेनलिनचं पेन (स्वतःच टोचता येणारं, आधीच भरलेलं इंजेक्शन) असेल तर आधी टोचायचं आणि मग अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करायचा.

दुसरं, आणि हे फार लोकांना माहीत नसतं: दहा ते वीस टक्के रुग्णांच्या अंगावर काहीच उठत नाही. गांधी नाहीत म्हणून अ‍ॅलर्जी नाही, असं समजून बसलेले लोक मी बघितलेत. ज्याची अ‍ॅलर्जी आहे हे आधीच माहीत आहे ती वस्तू पोटात गेली आणि माणूस घरघरायला लागला किंवा कोसळला, तर पुरळ शोधत बसू नका.

उलटी झाली म्हणजे "बाहेर पडलं" असं तुम्हाला वाटलं. सगळ्यांनाच वाटतं. पण ती सुटका नव्हती, प्रतिक्रिया कातडीवरून पोटात उतरल्याची खूण होती. आणि "काहीतरी भयंकर होणार आहे" ही भावना आमच्या पुस्तकात लक्षण म्हणून छापलेली आहे. रक्तदाब पडायच्या आधी कित्येकांना तसं वाटतं. तुम्ही हसलात ते मनाला लावून घेऊ नका, आमच्याकडे शिकाऊ डॉक्टरही "घाबरलाय" म्हणून सोडून देतात.

आता बाथरूमचं. रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, त्यातलं पाणी झिरपून पेशींभोवती गेलेलं असतं, त्यामुळे हृदयाकडे परत येणारं रक्तच कमी झालेलं असतं. अशा माणसाला उभं केलं की उरलंसुरलं पायात उतरतं आणि हृदय रिकामं धडधडतं. ब्रिटनमध्ये अशा मृत्यूंचा अभ्यास झाला होता, त्यात उठून बसल्यावर किंवा उभं राहिल्यावर काही क्षणांत गेलेले लोक आढळले. म्हणून आडवं झोपवा, पाय वर करा. श्वासाचा त्रास असेल तर पाठीला टेकू देऊन बसवा, पण पाय लांब पसरलेले राहू द्या. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर कुशीवर. गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर. बरं वाटतंय म्हणाला तरी चालत गाडीपर्यंत न्यायचं नाही.

तिसरी_घंटा

रात्रपाळी ताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "हसलीस ते माफ, पण मला उठू दिलंस ते नाही." आता बरा आहे हो कोरा_कागद. फक्त प्रत्येक घास शंकेने बघतो.

भिंतीवरची_पाल

सगळं ठीक, पण अ‍ॅड्रेनलिन इतक्या सहज "टोचा" म्हणणं पटत नाही. हृदयाच्या ठोक्यांशी खेळ आहे तो. आमच्या ओळखीत एकाला दिलं आणि त्याच्या छातीत असं धडधडलं की नंतर दोन दिवस निरीक्षणाखाली होता. घरात सामान्य माणसाने इतकं जालीम औषध वापरायचं? त्यापेक्षा गोळी आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन बरं.

रात्रपाळी

पाल, तुमच्या ओळखीतल्या माणसाला ते शिरेतून दिलं होतं की मांडीत, हे विचारून बघा. सगळा फरक तिथे आहे. शिरेतून चुकीच्या मात्रेत गेलं तर खरंच घात होतो, म्हणून ते फक्त मॉनिटर लावून, जाणकारांनी द्यायचं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत द्यायची मात्रा वेगळी: किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ०.५. पेनात मोठ्यांसाठी बहुतेक ०.३ असतं आणि १५ ते ३० किलोच्या मुलांसाठी ०.१५. धडधड होते, हात थरथरतात, चेहरा पांढरा पडतो, आणि थोड्या वेळात ओसरतं. कपड्यावरून दिलं तरी चालतं. उतार नसेल तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा देतात, म्हणून दोन पेनं जवळ ठेवायला सांगतात.

गोळी खाज आणि गांधी कमी करते. सुजलेला घसा उघडणं किंवा पडलेला रक्तदाब उचलणं तिच्या आवाक्यातलं नाही, आणि पोटातून रक्तात जायलाच तिला अर्धा-एक तास लागतो. स्टेरॉइडला तर कित्येक तास. ब्रिटनमधल्या त्याच मृत्यूंच्या अभ्यासात श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मधला काळ असा निघाला होता: खाण्यामुळे असेल तर ३० मिनिटं, माशी-गांधील चावली असेल तर १५, आणि शिरेतून दिलेल्या औषधामुळे असेल तर ५. हे जे वाचले नाहीत त्यांचे आकडे आहेत, सगळ्यांचं असं होत नाही. पण गोळी काम सुरू करेपर्यंत घड्याळ कुठे पोचतं ते बघा.

हृदयाचा आजार असलेल्यांना डॉक्टर जास्त जपून देतात, पण देतात. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये दुसरं तोडीचं औषध नाही. बीटा ब्लॉकर (रक्तदाबाच्या, हृदयाच्या काही गोळ्या) घेणाऱ्यांवर कधी कधी अ‍ॅड्रेनलिनचा नीट असर होत नाही, तेव्हा ग्लुकागॉन नावाचं दुसरं औषध वापरतात. त्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

शब्दांचा_हमाल

मला वैद्यक कळत नाही, शब्द कळतात. आणि मला वाटतं या धाग्यात निम्मा घोळ "पित्त" या शब्दाने केलाय. छातीत जळजळलं तरी पित्त, कडू उलटी झाली तरी पित्त, अंगावर गांधी आल्या तरी "पित्त उठलं". एकदा पित्त म्हटलं की माणूस निर्धास्त होतो, कारण पित्ताने कुणी मरत नाही. तिसऱ्या घंटेने उलटीला उतार समजलं, त्यामागेही हेच असावं: पित्त पडलं की बरं वाटतं! अ‍ॅलर्जीत गांधी उठवणाऱ्या मास्ट पेशींचा या पित्ताशी काडीचा संबंध नाही.

अवांतर: अ‍ॅनाफिलॅक्सिस शब्दाची जन्मकथा भारी आहे. १९०१ साली मोनॅकोचा राजा पहिला अल्बर्ट आपल्या जहाजावरून समुद्रसफरीला निघाला, सोबत शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ. फिझालिया नावाच्या, डंख मारणाऱ्या समुद्री जीवाच्या विषाचा अभ्यास करायचा होता. परत आल्यावर त्यांनी फिझालियाऐवजी समुद्रफुलाचं (तोही डंख मारणारा समुद्री जीव) विष काढून कुत्र्यांना टोचलं. कल्पना अशी की लसीसारखं थोडं थोडं दिलं की कुत्रा तयार होईल. नेपच्यून नावाचा धडधाकट कुत्रा पहिल्या मात्रेतून आरामात निभावला. काही आठवड्यांनी त्याला पुन्हा तेवढीच मात्रा दिली आणि तो पंचवीस मिनिटांत मेला. संरक्षण मिळायच्या ऐवजी उलटंच झालं. ग्रीकमध्ये फायलॅक्सिस म्हणजे रक्षण, म्हणून याला १९०२ मध्ये नाव ठेवलं अ‍ॅनाफिलॅक्सिस. रिशेला १९१३ चं नोबेल मिळालं. नेपच्यूनला काही मिळालं नाही.

"अ‍ॅलर्जी" हा शब्द तर त्यानंतरचा, १९०६ चा, व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाचा. तेव्हा त्याचा अर्थ नुसता "बदललेली प्रतिक्रिया" असा होता. आता "मला सोमवारची अ‍ॅलर्जी आहे" इथपर्यंत आलोय.

चौथा_बाक

नेपच्यूनसाठी दोन मिनिटं शांतता.

कोरा_कागद

हमाल, वाचनखूण साठवली. पण चाळीस वर्षं चालून एकदम का उलटलं, ते राहिलंच की.

सूक्ष्मदर्शी

मी जीवशास्त्र शिकवतो, तेव्हा हा भाग माझा. नेपच्यूनमध्येच उत्तर दडलंय. शरीर पहिल्या भेटीत भांडत नाही, ओळख लक्षात ठेवतं. एखाद्या प्रथिनाला शत्रू ठरवलं की त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात आणि ती मास्ट पेशींवर जाऊन बसतात. या पेशी कातडीत, श्वासनलिकेत, आतड्यांत, रक्तवाहिन्यांच्या कडेने, म्हणजे बाहेरचं जग जिथे जिथे आत शिरू शकतं तिथे पहाऱ्याला असतात. आत हिस्टामिन आणि इतर दारूगोळा ठासून भरलेला. (पॉल एर्लिखने त्यांच्यातले दाणे बघून त्या खाऊन खाऊन लठ्ठ झाल्यात असं समजून "मास्ट" नाव दिलं. जर्मनमध्ये मास्ट म्हणजे जनावरं पोसून पुष्ट करणं.) पुढच्या भेटीत तेच प्रथिन दोन शेजारच्या आयजीईंना एकदम चिकटलं की पेशी फुटल्यासारखी सगळा साठा बाहेर टाकते. हे एका जागी झालं की गांध. सगळीकडे एकदम झालं की तुमचा रविवार.

ही शत्रुत्वाची नोंद कोणत्याही वयात होऊ शकते. "आजवर चाललं" हे पुढची हमी देत नाही.

ही गोष्ट रक्तात असते हे कसं कळलं, तेही सांगतो. १९२१ मध्ये क्युस्टनर नावाच्या डॉक्टरला शिजवलेला मासा चालत नसे. त्याच्या रक्तातला द्रव त्याच्या सहकाऱ्याने, प्राउस्निट्झने, स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. गांध उठली! मासा बिनदिक्कत खाणाऱ्या माणसाच्या पोटावर. रक्तातला तो घटक म्हणजे आयजीई, हे कळायला पुढे चार दशकांच्या वर गेली. इशिझाका पती-पत्नी आणि स्वीडनमधले योहानसन व बेनिच यांनी तो साठच्या दशकात वेगवेगळा शोधला.

चौथा_बाक

म्हणजे अ‍ॅलर्जी उसनी देता येते? काही नातेवाईक डोळ्यांसमोर आले. (हलके घ्या.)

सूक्ष्मदर्शी

हसू नका. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या दात्याचं यकृत बसवल्यावर रुग्णालाही ती अ‍ॅलर्जी झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे.

उनाड_पारवा

माझा अनुभव मधमाशीचा. ट्रेकला गेलो होतो, मानेवर एकच डंख. आधीही चावल्या होत्या, त्या जागी सुजायचं आणि दोन दिवसांत उतरायचं. या वेळी पाच मिनिटांत कानात घूं घूं आवाज, दिसायचं कमी झालं, आणि मित्र सांगतात की मी "मला इथेच झोपू द्या" म्हणत होतो. अंगावर एक गांध नव्हती. सोबतच्या डॉक्टर मैत्रिणीच्या पिशवीत अ‍ॅड्रेनलिनची कुपी होती म्हणून आज टंकतोय.

नंतर विषाची इम्युनोथेरपी घेतली. त्याच मधमाशीचं विष आधी नगण्य मात्रेत, मग वाढवत वाढवत, मग दर महिन्याला एक टोचणं. तीन ते पाच वर्षं घ्यावी लागते. कंटाळवाणं प्रकरण आहे, पण दरम्यान एकदा पुन्हा चावली आणि नुसता हात सुजला. गांधीलमाशीच्या बाबतीत तर हे उपचार याहून चांगले लागू पडतात म्हणे.

एक टीप. मधमाशीचा काटा कातडीत राहतो. चिमट्याने काढू की नखाने खरवडू यावर वाद घालू नका, लगेच काढा. काटा सुटल्यावरही विषाची पिशवी आत विष ढकलत असते.

आईची_पर्स

मी हे सगळं नऊ वर्षं जगतेय. मुलीला शेंगदाणा आणि काजू. नाव उगीच घेतलेलं नाही, माझ्या पर्समध्ये दोन पेनं, लेखी कृतिपत्रक आणि ओले वाइप्स कायम असतात. वाइप्स का? तर शेंगदाण्याचं प्रथिन साबण-पाण्याने किंवा ओल्या वाइपने निघतं, हातावर चोळायच्या सॅनिटायझरने निघत नाही. ते जंतू मारतं, प्रथिन तिथेच राहतं.

रोग परवडला पण माणसं नकोत. "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं." "एक कण दिला तर काय होतंय, सवय होईल." एका समारंभात एका वडीलधाऱ्या बाईंनी माझी पाठ वळल्यावर खरंच तो कण दिला. "मी म्हटलं खात्री करून घेऊ." मुलगी तेव्हा चार वर्षांची. आधी गप्प झाली, मग जीभ बाहेर काढून खाजवायला लागली, "तोंडात काटे आहेत" म्हणाली. लहान मुलं घसा आवळतोय असं म्हणत नाहीत, त्यांच्या भाषेत सांगतात: जिभेवर केस आहे, गळ्यात काहीतरी बसलंय. तान्ही तर तेही नाही, ती एकदम मलूल होतात किंवा काही केल्या थांबत नाहीत अशी रडतात. मी त्या दिवशी पहिल्यांदा पेन वापरलं. हात लटपटत होते, आणि तिच्या ओरडण्यापेक्षा शेजारून आलेलं "अगं, थांब, गोळी देऊन बघ" हे जास्त आठवतं.

तिसरी_घंटा, थांबण्याचं कारण अज्ञान कमी आणि संकोच जास्त असतो. उगाच गवगवा केला असं होईल, ही भीती. आमच्या डॉक्टरांनी मला एकच वाक्य पाठ करायला लावलं: "देऊ का असा प्रश्न मनात आला, की द्यायचं."

भिंतीवरची_पाल

पर्सवाल्या ताई, तुमचं दुःख कळतं. पण हल्ली हे प्रमाण वाढलंय ते अतिकाळजीनेच ना? आता म्हणतात लहानपणीच शेंगदाणा द्या. मग त्या वडीलधाऱ्या बाई अगदीच चूक होत्या का?

आईची_पर्स

चूक होत्या. अगदीच.

सूक्ष्मदर्शी

पालींनी दोन गोष्टींची गल्लत केलीये. २०१५ मध्ये लीप नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं, तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, म्हणजे धोका जास्त असलेली. निम्म्यांना नियमित शेंगदाणा दिला, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत अजिबात नाही. देणाऱ्या गटात अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. त्याआधी, २००० साली, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नेमका उलटा सल्ला दिला होता: धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा नको. २००८ मध्ये तो मागे घेतला. तेव्हा टाळण्याने फायदा झाला नाही हे तुमचं म्हणणं बरोबर.

पण हे सगळं अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून, होण्याआधी. ज्या बाळांची चाचणी आधीच ठळक पॉझिटिव्ह होती त्यांना अभ्यासात घेतलंच नव्हतं. झालेल्या मुलाला समारंभात गुपचूप कण देणं म्हणजे नेपच्यूनची दुसरी मात्रा. आणि बाळांना द्यायचा तो पेस्ट किंवा पूड करून. अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकतो, तो वेगळाच अपघात.

शब्दांचा_हमाल

"नेपच्यूनची दुसरी मात्रा." हा वाक्प्रचार मी आजपासून वापरणार.

भिंतीवरची_पाल

ठीक, मागे घेतो. वाईट हेतू नव्हता.

पण मग तिसऱ्या घंटेने सरळ ती ऐंशी-शंभर पदार्थांची रक्ततपासणी करून टाकावी. एका फटक्यात यादी हातात.

रात्रपाळी

नका करू. आयजीई सापडणं म्हणजे ओळख आहे, भांडण असेलच असं नाही. सरसकट तपासलं तर आरामात खात असलेल्या दहा गोष्टी पॉझिटिव्ह येतात आणि माणूस उगाच उपाशी राहतो. आधी गोष्ट नीट ऐकायची, मग संशयित ठरवायचा, मग त्याचीच तपासणी. पॉझिटिव्ह आकडा मोठा म्हणजे पुढचा झटका मोठा, असंही नसतं.

असाच दुसरा गैरसमज पेनिसिलिनचा. दहातला एक जण सांगतो मला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे. त्यांची रीतसर चाचणी केली तर दहापैकी नऊ जणांना ते चालतं. लहानपणी तापात पुरळ आलं होतं, तेव्हापासून फाइलवर लाल शाई. आणि "मासे चालत नाहीत म्हणून स्कॅनचं आयोडीनवालं औषध चालणार नाही" हेही तसलंच. माशाची, कोळंबीची अ‍ॅलर्जी त्यांच्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नाही.

जुनी_वही

उशिरा आले धाग्यावर. तिसरी_घंटा, दोन प्रश्न विचारू? त्या दुपारी यजमानांनी काही औषध घेतलं होतं का, विशेषतः दुखण्यावरची गोळी? आणि कोळंबी-ब्रेड खाऊन कुठेही न जाता नुसतं बसलेत, असं कधी झालंय का?

विचारायचं कारण, माझ्या भावाला तीन वर्षं कुणी सांगू शकलं नाही. कधी झटका यायचा, कधी नाही. शेवटी निघालं गहू. पण नुसता गहू नाही. गहू खाऊन पळायला गेला तर. किंवा गहू खाऊन वेदनाशामक घेतली तर. गव्हातलं ओमेगा-५ ग्लायडिन नावाचं प्रथिन. व्यायाम किंवा अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारखी गोळी यांनी ते आतड्यांतून जास्त प्रमाणात रक्तात शिरतं, असं आम्हाला समजावलं. दारू, ताप, जागरण हेही हातभार लावतात. रोज खाऊन काही होत नाही म्हणून गव्हावर कुणाचा संशयच जात नाही.

तिसरी_घंटा

थांबा थांबा. गुडघा दुखत होता म्हणून जेवणानंतर त्याने आयबुप्रोफेन घेतली होती. डॉक्टरांना सांगायचंच राहिलं, कारण ती तो अधूनमधून घेतोच. आणि गेल्या वर्षी एकदा सायकल चालवून आल्यावर अंगभर गांधी उठल्या होत्या, तेव्हा कोळंबीचा संबंध नव्हता. आम्ही ते ऊन आणि घामावर ढकललं होतं.

चौथा_बाक

इतका दूरचा धागा कशाला ओढायचा? समोर कोळंबी आहे. खून झाला, शेजारी सुरा घेऊन माणूस उभा आहे, आणि तुम्ही चौकशी करताय माळ्याची.

जुनी_वही

मी निदान करत नाहीये. पण झटक्याआधीच्या सहा तासांत पोटात काय गेलं आणि शरीराने काय केलं, हे सगळं लिहून तज्ज्ञांकडे न्या. गोळ्या, दारू, चालणं, ताप, किडा चावणं, सगळं. काही प्रकार तर आणखी उशिरा येतात. गोचीड चावल्यावर लाल मांसातल्या अल्फा-गॅल नावाच्या साखरेची अ‍ॅलर्जी होते, तिचा झटका जेवणानंतर तीन ते सहा तासांनी. रात्री झोपेतून माणूस खाजवत उठतो आणि रात्रीचं जेवण कुणाच्या डोक्यातही येत नाही.

उनाड_पारवा

मला आता गोचीडही टाळायला हवी. ट्रेकिंग बंद करून हा धागाच वाचत बसतो.

रात्रपाळी

वही ताईंना अनुमोदन. आणि तोपर्यंत, तिसरी_घंटा: कोळंबी नको, गहू खाल्ला तर पुढचे चार-पाच तास चालणं-पळणं नको, वेदनाशामक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि पेन लिहून मागा. सगळीकडे ते सहज मिळत नाही. नसेल तर कुपी आणि सिरिंज भरायला डॉक्टरांकडूनच शिकून घ्या.

तिसरी_घंटा (सात आठवड्यांनंतर)

धागा वर काढतेय, कारण तुम्हाला सांगायचं राहिलं तर चैन पडायचं नाही.

अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे गेलो. वहीच्या सांगण्याप्रमाणे दोन पानं लिहून नेली होती. त्यांनी ती वाचून आधी "हे कुणी लिहायला सांगितलं?" असं विचारलं. कोळंबीची त्वचाचाचणी निगेटिव्ह, रक्तातही काही नाही. मग त्यांच्या देखरेखीखाली, सुई-औषध तयार ठेवून, थोडी थोडी करत पूर्ण वाटी कोळंबी खायला घातली. काही झालं नाही. नवऱ्याने तिथे बसून जितक्या आनंदाने ती खाल्ली तितकी घरी कधी खाल्ली नसेल. ओमेगा-५ ग्लायडिन मात्र ठळक पॉझिटिव्ह.

त्या रविवारी हॉस्पिटलात घेतलेल्या रक्तात ट्रिप्टेज (मास्ट पेशींतून सुटणारा घटक) वाढलेलं होतं, ते नंतरच्या नेहमीच्या पातळीशी ताडून बघितलं. मास्ट पेशी खरंच फुटल्या होत्या, याचा तो पुरावा, असं सांगितलं. गहू पूर्ण बंद करायचा की व्यायामापासून लांब ठेवायचा यावर अजून बोलणं चाललंय. वेदनाशामकांपैकी कोणती चालेल तेही ठरायचंय.

चौथा_बाक

म्हणजे माळीच निघाला. मान्य.

पण आता मला झोप लागेना. दहा वर्षांपूर्वी माझे ओठ सुजले त्या रात्री मीही बऱ्याच गोष्टी खाल्ल्या-प्यायल्या होत्या. दहा वर्षं मी विनाकारण कोळंबी सोडली असेल तर? उद्या एक खाऊन बघू का?

रात्रपाळी

बाकावरून खाली उतरा आणि तज्ज्ञांची वेळ घ्या. घरी "एक खाऊन बघणं" या धाग्यात आधीच एकदा येऊन गेलंय, समारंभातल्या बाईंच्या रूपाने.

आईची_पर्स

+१००. आणि तिसरी_घंटा, पेन मिळालं का? मिळालं असेल तर सरावाचं नकली पेनही मागून घ्या, त्यात सुई नसते. आम्ही दर दोन महिन्यांनी जेवणाच्या टेबलावर सराव करतो. टोकावर अंगठा ठेवायचा नाही, हे हाताला पाठ व्हायला हवं. घाईत पेन उलटं धरून स्वतःच्या अंगठ्यात टोचून घेणारे लोक असतात.

तिसरी_घंटा

मिळाली, दोन. एक त्याच्या बॅगेत, एक माझ्या. त्याने लगेच माझ्या मांडीवर नकली पेनाचा सराव केला, जरा जास्तच उत्साहाने. हसल्याचा वचपा काढला असावा.

एक विचारायचं होतं. यांची मुदत फार नसते. समजा वेळेला हाताशी फक्त मुदत संपलेलंच असलं तर?

रात्रपाळी

दुसरं काहीच नसेल तर तेच द्या. खिडकीतून द्रव बघा, रंग बदललेला नसावा, गढूळ नसावा. ताकद थोडी कमी झालेली असेल, पण मांडीत गेलेलं जुनं पेन कपाटातल्या गोळीपेक्षा बरं. आणि फ्रिजमध्ये ठेवू नका, उन्हात गाडीतही नको.

कोरा_कागद

गाडीतच ठेवलंय माझ्या भाचीचं. आत्ता उठून काढून आणतो.